पेत्राच्या सासूचा हिस्सा

मी सखाबाई, नवऱ्याचं नाव बुधराम वलथरे (तो वारला), जात ढिवर, धर्म ख्रिस्ती, राहणार मौजा बोडीटोला, पोस्ट अड्याळ, तहसील पवनी, जिल्हा भंडारा. वय सत्तरच्या वर. नक्की किती ते सांगणारं कोणी जिवंत राहिलं नाही. डोकं जागेवर आहे. एक डोळा गेला, दुसऱ्यानं अजून सुई ओवते. मला कोणी धाक दाखवला नाही, काही पाजलं नाही, गोड बोलून सही घेतली नाही. गोड बोलणारं आमच्या घरात कोणी नाहीच.

कच्चं मी माझ्या हातानं पेन्सिलीनं लिहिलं. पवनीचे अर्जनवीस कृष्णराव ते शाईनं पक्कं उतरवून राहिले आहेत. ते म्हणतात, "सबब" आणि "येणेप्रमाणे" असे शब्द नसले तर कचेरीत कोणी मानत नाही. मी म्हणलं, घाला तुमचे शब्द, पण माझं एक वाक्य काढलं तर फी भेटणार नाही. सबब मी माझ्या पश्चात करायची व्यवस्था येणेप्रमाणे लिहून ठेवते.

कलम पहिलं. आत्मा देवानं दिला होता, त्याचा त्याला परत. देह बुधरामच्या बाजूला पुरावा, पण थोडं अंतर ठेवून. जन्मभर तो फिरतीवर राहिला, मेल्यावर एकदम चिकटून बसायचं काही कारण नाही. गाणं एकच म्हणावं आणि तेही लहान. भंडाऱ्याच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पंच पुंडलिकराव मातीला आले तर त्यांना बसायला खुर्ची द्यावी, चहा द्यावा, बोलायला देऊ नये. का ते पुढं येईल.

कलम दुसरं. माझी जाळी आणि तलावातला डोंगा माझा भाचा बाबुलाल याला द्यावा. ईश्वर, म्हणजे माझा एकुलता मुलगा, याला तलाव माहीत नाही, त्याला रेल्वे माहीत आहे. ईश्वरनं विचारलं, "माय, बाबुलाल आपल्या मंडळीतला नाही, त्याले काहून?" मी म्हणलं, मासोळीही मंडळीतली नाही.

या जाळ्याचं थोडं लिहायला पाहिजे. ईश्वर पोटात होता तेव्हा अड्याळच्या बाजारात एक उपदेशक आला. त्यानं प्रभूचा शिष्य पेत्र याची गोष्ट सांगितली, की तो आमच्यासारखाच मासोळी धरणारा ढिवर होता आणि प्रभूनं बोलावल्याबरोबर जाळं टाकून मागं निघाला. बुधरामनं ऐकलं. घरी आला, जाळं खुंटीला लावलं आणि म्हणाला, "मी चाललो."

"कोठी?"

"प्रभूच्या मागं."

"अन् तलावावर कोण जाईन?"

"देव पाहीन."

"देवाले जाळं ओढता येते का?" हे मी विचारलं तेव्हा तो बांधीच्या धुऱ्यावरून निघून गेला होता. मग जन्मभर लोखंडी पेटीत धर्माच्या पत्रिका आणि लहान पुस्तकं भरून गावोगाव विकत राहिला. पहिले पायी, मग एस.टी.नं, लाखांदूरच्याही पलीकडं. चांगला माणूस होता. विकता येत नव्हतं.

आमच्या तलावाचा कायदा जुना आहे. जाळं वर आलं की काठावर पळसाची पानं मांडतात आणि मासोळीचे हिस्से पाडतात. जाळ्याचा एक, डोंग्याचा एक, ओढणाऱ्याचा एकेक, आणि ज्या घरात ओढणारा माणूस नाही त्या घराचा एक. हा शेवटचा हिस्सा पहिले उचलतात. हिस्से पडल्याशिवाय कोणी काठ सोडायचा नाही, मग घरी आग लागली तरी. त्या पानावर माझा ईश्वर वाढला. पुढं मी स्वतः जाळं ओढायला लागली. बाईनं डोंग्यात बसू नये म्हणणारे होते. त्यांना मी म्हणलं, तुम्ही माझ्या घरी येऊन भात शिजवा, मी डोंग्यात बसत नाही. कोणी आलं नाही.

वाचायला मी तेव्हाच शिकली. दवाखान्याची एक बाई शिकवायला यायची. भक्तीसाठी नाही शिकली. नवरा गावोगाव काय विकून राहिला ते तरी कळावं म्हणून शिकली. वाचलं तर कळलं की पत्रिकांमध्ये सगळीकडे मेंढरं. आमच्याकडं मेंढरं उन्हाळ्यात येतात, धानाच्या बांधीत बसतात आणि निघून जातात. त्यांच्याबद्दल इतकं काय लिहायचं ते मला अजून समजलं नाही.

कलम तिसरं. राहतं घर, कवेलूचं म्हणजे कौलांचं, दोन खोल्या आणि मागची पडवी, ज्या पडवीच्या खिडकीतून तलाव दिसतो, ते माझी नात कुंता हिला. कुंता म्हणजे ईश्वरची मुलगी. अड्याळला बालवाडीत शिकवते आणि माझ्याकडं राहते. ईश्वरला वरठीला रेल्वेचं क्वार्टर आहे, त्याला छप्पर सरकार देते. पोस्टातली माझी बचतीची पुस्तिका त्याची. तो म्हणाला, "घर पोरीच्या नावानं करतं, उद्या लग्न झालं तं जावई मालक होईन." होऊ दे. पावसाळ्यात कवेलू फिरवायला तोच चढेल.

कृष्णराव म्हणाले, या कलमात एक अट घालू, कायद्यात बसते. त्या अटीचं मी कलम सहात लिहिते, कारण पहिले भांडण लिहायचं आहे.

कलम चौथं. हे कलम कृष्णरावांनी दोनदा खोडलं. मी दोनदा पुन्हा लिहिलं. ते म्हणतात मृत्युपत्रात मालमत्ता लिहायची असते. मी म्हणलं, माझ्याकडं मालमत्ता कमी आणि हेच जास्त आहे.

कुंता लहानपणापासून लिहिते. गाणी लिहायची, भंडाऱ्याला ख्रिस्ती लोकांचं मासिक येते त्यात छापून यायची. तिनं एकदा मला वाचून दाखवलं. जैतुनाच्या झाडाखाली आत्मा विसावला, असं काही होतं.

मी म्हणलं, "जैतून मंजे काय वं?"

"झाड आहे, आजी. शास्त्रातलं."

"तू पाह्यलं?"

"नाई."

"मोह पाह्यला?"

"रोजच पाहतो नं आपण."

"मंग मोहानं काय पाप केलं?"

त्या संध्याकाळी तिनं भाताला मीठ घातलं नाही. पण त्याच्यानंतर तिनं जैतून सोडला आणि दंडार लिहायला घेतली.

दंडार आमच्या झाडीपट्टीतला उघड्यावरचा खेळ आहे. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तिथं होते. गाणं असते, सोंग असते, बायांचं काम बाप्येच करतात. बाबुलालची दंडार या भागात नावाची आहे. कुंतानं पेत्रावर दंडार लिहिली आणि पेत्राला आमच्यासारखं बोलायला लावलं. पेत्र बाबुलाल झाला. प्रभू कोण होईल याच्यावर पुष्कळ बोलणं झालं. शेवटी अड्याळचा सायकल दुरुस्तीवाला गुलाब, कारण तो कमी बोलते आणि त्याचा शर्ट पांढरा होता. मागच्याच्या मागच्या वर्षीच्या मंडईत खेळ झाला. पुंडलिकराव भंडाऱ्याहून मुद्दाम आले, कारण तिथल्या ख्रिस्ती लेखक मंडळाचे ते अध्यक्ष आहेत. त्यांना हाताची खुर्ची दिली. बाकी गाव खाली बसलं. आमची ख्रिस्ती घरं तीन, बाकी सगळे आमचेच भाऊबंद, मारुतीला नारळ फोडणारे.

खेळ चांगला चालला होता. पेत्र म्हणाला, मास्तर, रातभर जाळं टाकलं, एक झिंगा नाई, पण तुमी म्हणता तं टाकतो. टाकलं. जाळ्यात धानाचं वाळलेलं तणस भरून ठेवलं होतं आणि वरून दोन खऱ्या रोहू. जाळं फाटायला आलं. मग पेत्रानं प्रभूचे पाय धरले, म्हणाला, मी हे सगळं सोडून तुमच्या मागं येतो, आणि पाय उचलला.

तेवढ्यात यादोराव उठले. यादोराव आमच्या तलावावरचे सगळ्यात म्हातारे, आजवर हिस्से तेच पाडत आले.

"थांब, बाबुलाल!"

"काय झालं, यादोबा?"

"पाय कायले उचलतं? हिस्से कोण पाडीन?"

इथं कोणी हसलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते. भंडाऱ्याला लोकांनी नंतर सांगितलं की लोक हसले. खोटं आहे. बाया म्हणाल्या, "बरोबर आहे."

बाबुलाल म्हणाला, "यादोबा, हा खेळ आहे."

"खेळ आहे तं काय झालं? मासोळी वर आली नं? जाळं कोणाचं?"

"माहं."

"डोंगा?"

"थो बी माहाच."

"अन् घरी कोण आहे तुह्या?"

बाबुलालला माहीत नव्हतं. तो पडद्याकडं वळला. "कुंता, माह्या घरी कोण आहे वं?"

पडद्यामागून बारीक आवाज आला, "सासू."

"मले सासू आहे?"

"आहे. आताच तापातून उठली."

"पाहा!" यादोराव लोकांकडं वळून म्हणाले. "तापातून उठलेली बुडी घरी, अन् हा चालला! थे खाईन काय, तणस?"

मग काय. पानवाल्याकडून विडे बांधायची पळसाची पानं आणली. बाबुलालनं बसून तणसाचे हिस्से पाडले, हा जाळ्याचा, हा डोंग्याचा, हे ओढणारे, हा सासूच्या घरचा. यादोराव काठी टेकून पाहत उभे. गुलाब, म्हणजे प्रभू, तोही उभा. सगळे हिस्से झाल्यावर यादोराव त्याला म्हणाले, "मास्तर, जागा तुमी दाखवली. तुमाले बी एक हिस्सा लागते." आणि एक पान त्याच्यापुढं सरकवलं.

याच्यासाठी कुंतानं काही लिहून दिलं नव्हतं. कोणाला माहीत होतं असं होईल म्हणून. गुलाबनं पानाकडं पाहिलं. मग म्हणाला, "माहा हिस्सा सासूच्या पानावर टाका."

यादोराव खाली बसले. म्हणाले, "जा आता." आणि पेत्र गेला.

माझ्या बाजूला शेजारीण कौशल्याबाई बसली होती. ती म्हणाली, "बुधरामभाऊच्या टाइमले कोणी असं थांबवलं नाई."

मी म्हणलं, "गप बस. खेळ पाह्य."

खेळ संपल्यावर पुंडलिकराव बोलायला उभे राहिले. शिकलेला माणूस, आवाज मोठा. म्हणाले, प्रभूच्या प्रेषिताच्या तोंडी "काहून" आणि "कायले"? आणि हे हिस्से, वाटे, हे शास्त्रात कुठं आहे? शास्त्रात भर घालणाऱ्याला काय शिक्षा आहे हे लेखिकेला ठाऊक आहे काय?

मी खालूनच म्हणलं, "सासू शास्त्रात आहे. तिचा ताप प्रभूनं उतरवला आणि ती उठून त्यांना वाढायला लागली. काय वाढलं ते तुम्ही सांगा."

ते म्हणाले, "बाई, आपण शिकलेल्या नाहीत."

मी म्हणलं, "म्हणून तं ऐकू येते."

त्यांनी ईश्वरला बोलावून सांगितलं असेल, कारण ईश्वर पुढच्या रविवारी आला आणि चप्पल काढायच्या पहिले बोलायला लागला. "माय, मंडळी हसून राहिली आमाले. कुंताचं हे लिहिणं बंद." कुंता आतून ऐकून राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पूर्ण दंडार चुलीत घातली. मला विचारलं नाही, रडली नाही. त्याच जाळावर माझ्या आंघोळीचं पाणी ठेवलं. मी म्हणलं, कुंता, पाणी तापवायला घरात तुऱ्हाट्या आहेत.

तेव्हापासून ती लेखक मंडळाचा वार्षिक अहवाल लिहिते. पुंडलिकरावांनी काम दिलं, उपकार केले म्हणे. त्यात लिहिलं आहे की सदर वर्षी सभासदांची आत्मिक उन्नती समाधानकारक राहिली. कोणत्या काट्यावर मोजली? मी विचारलं तर म्हणते, "आजी, असंच लिहायचं असते." ज्या पोरीच्या लिहिण्यापायी पूर्ण गाव हिस्स्यासाठी उठून उभं राहिलं ती पोरगी म्हणते असंच लिहायचं असते. मला याच्यावर बोलता बोलता खोकला येते, म्हणून लिहून ठेवते.

कलम पाचवं. भंडाऱ्याचं ख्रिस्ती लेखक मंडळ, आणि जिथं कुठं प्रभूचं लिहिणारे लोक असतील त्यांना. तुम्हाला माझी मासोळीची टोपली देते. धुतली आहे तरी वास येते, येऊ द्या. ती सभेच्या टेबलावर ठेवावी. आणि खालचं ऐकावं. पुंडलिकरावांनी वाचायला नकार दिला तर ज्याचा आवाज मोकळा असेल त्यानं वाचावं.

मी कुंताबरोबर तुमच्या दोन सभा पाहिल्या. पहिले लांब प्रार्थना, मग चहा, मग पुढच्या सभेची तारीख. मग लिहिता केव्हा? प्रार्थना करा, पण लहान करा. देवाला तुमची अडचण माहीत आहे, त्याला तुमचं पान माहीत नाही कारण ते अजून लिहिलेलं नाही. एक बाई म्हणाल्या, मला अंतःप्रेरणा होत नाही. रोवण्याच्या दिवसात चिखलात वाकलेली बाई असं म्हणते का? पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाळून राहिले असतात, मालकीण धुऱ्यावर उभी असते, बाई वाकते. दोन ओळी रोवल्या की अंगात गाणं आपोआप येते. उभं राहून वाट पाहणाऱ्या बाईच्या अंगात मी कधी गाणं आलेलं पाहिलं नाही.

देवासाठी आहे म्हणून शिळं चालते असं समजू नका. मी इतकी वर्षं अड्याळच्या बाजारात बसली. झिंगे शिळे आहेत पण मी ख्रिस्ती आहे, घ्या, असं मी एकाही गिऱ्हाइकाला म्हणलं नाही. तुम्ही म्हणता. तुमच्या गोष्टीत दारुडा शेवटच्या पानावर प्रार्थना करते आणि संध्याकाळपर्यंत त्याची दारू सुटते. माझ्या ओळखीच्या दारुड्यानं बाप्तिस्मा घेतला आणि पीतच राहिला, फक्त आता रडत प्यायचा. त्याच्या बायकोनं त्याला उपासनेत धरून आणायचं आणि मागच्या बाकावर झोपवायचं. तो मेला तेव्हाही मागच्याच बाकाचा होता. देवानं त्याला घेतलं का नाही? याचं लिहा. घाबरता कशाला? देव तुमच्या मंडळाचा सभासद नाही की नाराज होऊन राजीनामा देईल.

कोणी जाळं सोडून गेला असं लिहाल तर जाळं कुठं ठेवलं तेही लिहा, आणि घरी कोण होतं तेही. जाणाऱ्याचं सगळे लिहितात.

लिहिलं की ज्याच्या हाताला काम आहे अशा माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा. शेंगा सोलणारी बाई चालेल, जाळं विणणारा चालेल. खुर्चीवर रिकामा बसलेला नको. तो छान आहे म्हणेल किंवा भाषण करेल. सोलणाऱ्या बाईचा हात जिथं थांबला ते ठेवा. जिथं ती उठून कोंबड्या हाकलायला गेली ते काढा.

आणि परत आलेल्या लिहिण्याबद्दल. मासिकवाले परत पाठवतात आणि तुम्ही तोंड पाडून बसता. माझा बुधराम भरलेली पेटी घेऊन जायचा आणि भरलेलीच घेऊन यायचा. लोक कुत्रं सोडायचे. सकाळी पुन्हा निघायचा. त्याच्यावर माझा राग आहे तो आहे, पण तेवढं त्याच्याकडून घ्या. तो मेला तेव्हा लाखांदूरकडचा एक अनोळखी माणूस एस.टी.नं आला. म्हणाला, मी एकदा विहिरीवर गेलो होतो, जीव द्यायला, खिशात यांनी दिलेली पत्रिका होती, ती वाचत बसलो आणि घरी परत गेलो. मी त्याला भात वाढला आणि विचारलं, "कोणतं पान होतं?" त्याला आठवलं नाही. मला फार राग आला. इतक्या दुरून आला आणि पान आठवत नाही. नंतर समजलं की लिहिणाऱ्यालाही ते कधी कळणार नाही. म्हणून प्रत्येक पान असं लिहा की विहिरीवरचा माणूस ते वाचून राहिला आहे. तो जैतुनासाठी थांबणार नाही.

कलम सहावं. कुंता, हे तुला. ईश्वरला वाईट वाटेल तर वाटू दे.

तुला वाटते जाळलं म्हणजे संपलं. शास्त्र तू माझ्यापेक्षा जास्त वाचलं आहे, मला बोट ठेवून वाचावं लागते, पण यिर्मया संदेष्ट्याची गोष्ट मला पाठ आहे. त्यानं सांगितलं आणि त्याच्या लेखनिकानं, बारूखानं, पूर्ण गुंडाळी लिहिली. राजा थंडीत शेगडीपुढं बसला होता. वाचणारा वाचायचा तसं राजा चाकूनं कापायचा आणि विस्तवात टाकायचा. पूर्ण गुंडाळी गेली. मग देव काय म्हणाला? बिचारे, तुमच्यावर अन्याय झाला, असं म्हणाला का? नाही. म्हणाला, दुसरी घ्या आणि पुन्हा लिहा. आणि दुसऱ्या वेळेस पहिल्यापेक्षा जास्त लिहिलं. त्यांना राजानं जाळलं होतं तरी लिहावं लागलं. तुझी तर तूच जाळली. तुला पुंडलिकरावांची भीती वाटते. ते राजा नाहीत, निवृत्त हेडमास्तर आहेत.

पेत्राचं सगळं बोलणं बाबुलालला तोंडपाठ आहे. डोंग्यात बसला की म्हणते, मासोळी पळून जाते. यादोरावांना त्यांचं आठवते. गावात विचारलं तर अर्धी दंडार विहिरीवर भेटेल. चुलीत कागद गेला.

आता ती अट. कृष्णराव म्हणाले, असं लिहू, की सदर कुंता हिनं लेखनकार्य चालू ठेवल्यास घर तिचं, नाही तर ईश्वरचं. ईश्वरला हे फार आवडलं नाही, कुंताला त्याहून नाही. मी म्हणलं, खोडा. अटीवर लिहिलेलं पुष्कळ आहे त्या अहवालात. घर कुंताचं आहे, लिहो का न लिहो, निर्वेध. हा शब्द कृष्णरावांचा आहे पण इथं चांगला बसला. पडवीत बसून जन्मभर पापड लाटले तरी तिला कोणी काढू नये. मी फक्त एवढंच म्हणते की पापड ती फार वाईट लाटते.

कलम सातवं. उरलेलं. बुधरामची लोखंडी पेटी, आतल्या उरलेल्या पत्रिकांसहित, पुंडलिकराव यांना. भाषा त्यांना पटेल. कोंबड्या ज्याला सापडतील त्याच्या. मुरमुरे भाजायची कढई बाबुलालच्या बायकोला, तिनं कढई धुऊन तेल लावून ठेवावी, आताच्यासारखी नाही. हे सगळं पार पाडायची जबाबदारी बाबुलालवर. तो विसरेल, म्हणून कुंतानं आठवण द्यावी.

साक्षीदार म्हणून यादोराव आणि कौशल्याबाई. कृष्णराव म्हणतात ज्याला मृत्युपत्रात काही भेटते त्याला साक्षीदार होता येत नाही. हे यादोरावांना सांगितलं तर म्हणाले, "मंजे मले काहीच नाई?" मी म्हणलं, तुम्हाला पूर्ण कलम चौथं दिलं आहे.

पुरवणी, सहीच्या दिवशी. हे कृष्णराव माझ्या सांगण्यावरून लिहून राहिले आहेत आणि त्यांना ते पसंत नाही.

आज अंगणात सगळे बसले आणि कृष्णरावांनी मृत्युपत्र साक्षीदारांना वाचून दाखवलं. कुंता आत भात पाहत होती. कलम चौथं आलं. गुलाब म्हणाला, माहा हिस्सा सासूच्या पानावर टाका, इथपर्यंत आलं आणि कुंता हातात झारा घेऊन दारात आली.

"नाई आजी. तसं नोतं."

"कसं नोतं?"

"त्यानं पहिले विचारलं. 'थे कोठी आहे?' म्हणून. सासू कोठी आहे म्हणून विचारलं त्यानं. अन् सगळ्या मंडईनं तुह्याकडं पाह्यलं."

"मी नाई पाह्यलं."

"तू कशी पाहशीन? तुह्याकडं पाहून राह्यले होते सगळे. अन् मंग थो वाकला. टाका नाई म्हणाला. सोता दोन्ही हातानं उचलला अन् ठेवला. तू अर्धंच सांगतलं."

यादोराव म्हणाले, "पोरगी बरोबर सांगते." कौशल्याबाई म्हणाली, "मी तवाच म्हणलं होतं." ईश्वर जमिनीकडं पाहत बसला.

मला राग आला. मी मरायला टेकली आहे आणि हे लोक माझं मृत्युपत्र दुरुस्त करून राहिले. मी म्हणलं, "मले कायले सांगतं वं? मी लिहिली का दंडार? ज्यानं लिहिली त्याले सांग."

ती उभी राहिली. भात खाली लागल्याचा वास येऊन राहिला होता, तरी उभी राहिली. मग आली आणि कृष्णरावांच्या पुढ्यातले उरलेले कोरे कागद उचलले, एक त्यांच्यापुढं ठेवून बाकी सगळे. कृष्णराव म्हणाले, "बाई, ते माझे कागद आहेत." मी म्हणलं, फीमध्ये लावा. ती पडवीत गेली आणि दार लोटून घेतलं. भात कौशल्याबाईनं उतरवला.

आत काय करून राहिली ते मी पाहायला गेली नाही. मला आणखी तीन गोष्टी लिहायच्या होत्या, एक तर पुंडलिकरावांबद्दलच. पण हा शेवटचा कागद भरला आणि दुसरा मागायला पडवीचं दार वाजवावं लागेल. ते मी वाजवणार नाही आणि कोणाला वाजवू देणार नाही. सबब हे मृत्युपत्र इथं पुरं झालं. वाचून घेतलं, समजलं, कबूल आहे.

मौजा बोडीटोला, पोस्ट अड्याळ, जिल्हा भंडारा
दिनांक ११ मार्च १९८६

(सही) सखाबाई बुधराम वलथरे, स्वतःच्या हातची

साक्षीदार:
१. यादोराव, राहणार बोडीटोला, सही. काही भेटलं नाही.
२. कौशल्याबाई, राहणार बोडीटोला, डाव्या अंगठ्याची निशाणी

लिहिणार: कृष्णराव, अर्जनवीस, पवनी. मजकूर बाईंच्या सांगण्याप्रमाणे, माझ्या सल्ल्याविरुद्ध.